सेक्शन थर्टी-फोर: आमच्या इमारतीचं अपील समेटाने कसं सुटलं

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे बाळकडू घेऊनच आपण परदेशात येतो. त्यामुळे वकिलाने "अपील टाकू या" म्हटलं तेव्हा आमच्या दोन्ही मालकांचे चेहरे उतरले. मी या प्रकल्पाची आर्किटेक्ट. पश्चिम सिडनीत स्टेशनजवळ दोन जुनी बैठी घरं शेजारी शेजारी विकायला निघाली होती. ती घेऊन तिथे पाच मजली इमारत बांधायची, एवढाच बेत. मालक म्हणजे सांगलीकडचे मेहुणे-मेहुणे, दोघांनीही राहती घरं तारण ठेवलेली. बँकेचं व्याज काही कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सवडीने चालत नाही.

कौन्सिलकडे बांधकाम परवानगीचा अर्ज, म्हणजे इथल्या भाषेत डीए, पडून होता. न्यू साउथ वेल्सच्या कायद्यात अशा अर्जावर साधारणपणे ४० दिवसांत निर्णय आला नाही, तर तो नकार समजून अपील करता येतं. मुदत सहा महिने. अपील जातं ते लँड अँड एन्व्हायर्न्मेंट कोर्टाकडे. हे कोर्ट १९८० पासून फक्त असलेच विषय बघतं. 'क्लास वन' अपिलात कौन्सिलचं चुकलं की नाही हा प्रश्नच नसतो. कोर्ट कौन्सिलच्या खुर्चीत बसून अर्ज नव्याने तपासतं. समोर बहुधा न्यायाधीश नसून कमिशनर असतात, त्यातले बरेच जण पूर्वायुष्यात नगररचनाकार, आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर. नकाशा उलटा धरणारा माणूस समोर नाही, हाच मला पहिला दिलासा.

अपील दाखल झाल्यावर कौन्सिलने आपले आक्षेप लेखी मांडले. कागद जाड होता, पण खरे मुद्दे तीन. लिफ्टचा माथा १६ मीटरच्या उंचीमर्यादेच्या वर जातो. पाचव्या मजल्याचं दक्षिणेकडचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपर्यंत सोडलेली मोकळी जागा, ६ मीटर आहे, ते ९ हवं. आणि दक्षिणेच्या शेजारघराचं ऊन जातं. मग कोर्टाने स्वतःच्या कायद्यातल्या कलम ३४ खाली समेटाची तारीख दिली. इथे त्याला सगळे 'सेक्शन थर्टी-फोर'च म्हणतात.

ही बैठक कोर्टात सुरू होत नाही, जागेवर सुरू होते. सकाळी साडेनऊला फुटपाथवर कमिशनर, दोन्हीकडचे वकील, दोन्हीकडचे नगररचनाकार, मी, आणि हरकत घेतलेले शेजारी. शेजारी खटल्यात पक्षकार नसतात, पण त्यांचं म्हणणं आधी ऐकलं जातं. कोणी पार्किंगबद्दल बोललं, कोणी कचऱ्याच्या गाडीबद्दल. दक्षिणेकडच्या घरात एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. त्या भाषणबिषण न करता सगळ्यांना आपल्या परसात घेऊन गेल्या. तिथे गोल फिरणारी कपड्यांची दांडी, तिच्या पलीकडे पालकाचे आणि कांद्याच्या पातीचे वाफे. म्हणाल्या, "समोरच्या खोलीत मी बसतच नाही. दुपारी मी इथे असते."

सावलीची बाब आपल्याकडच्या वाचकांना जरा उलटी वाटेल. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेच्या बाजूने फिरतो, म्हणून इमारतीची सावली दक्षिणेच्या शेजाऱ्यावर पडते. सगळा हिशोब २१ जूनचा, सकाळी ९ ते दुपारी ३. त्या दिवशी सिडनीत सूर्य भर दुपारीही ३३ अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे १६ मीटर उंचीच्या इमारतीची सावली बारा वाजता २५ मीटर लांब. बाईंच्या समोरच्या खोलीला आम्ही चार मजले बांधले असते तरी ऊन मिळालं नसतं. कौन्सिलचा सगळा आक्षेप मात्र त्या खोलीच्या खिडकीवर बेतलेला. परस घराच्या मागे, पश्चिमेला. दुपारनंतर ऊन वायव्येकडून येतं, आणि आमच्या इमारतीची मागची बाजू जितकी आत सरकेल तितकं ते परसात पोचतं. हे कागदावर महिनोन् महिने कोणाच्या नजरेत भरलं नव्हतं, वाफ्यापाशी उभं राहिल्यावर पाच मिनिटांत कळलं.

शेजारी गेल्यावर खरी बोलणी सुरू झाली. या बैठकीत बोललेलं पुढे सुनावणीत पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे माणसं मोकळी होतात. कौन्सिलचे नगररचनाकार चक्क म्हणाले की लिफ्टच्या माथ्याचं त्यांना फारसं काही नाही, तो रस्त्याच्या बाजूला घ्या म्हणजे झालं. पाचव्या मजल्यावर मात्र ते हटेनात. राज्याच्या अपार्टमेंट डिझाइन गाइडप्रमाणे चार मजल्यांपर्यंत राहत्या खोल्यांपासून हद्द ६ मीटर चालते, पाचव्यापासून ९. आम्ही तिथे उंचावर छोट्या खिडक्या देऊन ६ मीटरवर भागवलं होतं. मधल्या सुट्टीत थोरले मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, साडेसातवर तोडू या की. निम्मं त्यांचं, निम्मं आपलं."

ते इथे चालत नाही. साडेसात मीटर का, याचं उत्तर "दोघांना पटलं म्हणून" असं देता येत नाही, त्याला नियोजनाचं कारण लागतं. शेवटी पाचवा मजला दक्षिणेकडून पूर्ण ९ मीटर आत घेतला. मागच्या बाजूने वरचे दोन मजले पायरीसारखे मागे सरकवले. एक फ्लॅट गेला, एका तीन बेडरूमच्या फ्लॅटचे दोनच बेडरूम झाले. बदल्यात गच्चीवरची सामाईक बाग आणि तिथवर जाणारी लिफ्ट राहिली. धाकटे मालक दिवसभर गप्प होते. गेलेल्या फ्लॅटचा आकडा त्यांनी मनातल्या मनात कधीच मांडला असणार.

बैठक त्या दिवशी संपली नाही, पुढे ढकलली गेली. तसंच होतं. दुरुस्त नकाशे काढायचे, कौन्सिलने बघायचे, परत व्हिडिओ कॉलवर भेटायचं, पुन्हा दोन बारीक शंका, पुन्हा नकाशे. समेट फिसकटला तर कमिशनर बैठक संपवतात आणि सुनावणी होते, तीही दोन्ही बाजूंची संमती नसेल तर दुसऱ्या कमिशनरपुढे. ती टांगती तलवार असल्यामुळे कोणी उगाच ताणत नाही.

तत्त्वतः जमलं त्या दिवशी मालकांनी पेढे आणले. मी म्हटलं, अजून थांबा. या प्रक्रियेचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग तिथून पुढे सुरू होतो, आणि तो कोणी आधी सांगत नाही. दोन्ही बाजू राजी झाल्या तर कमिशनरना त्याप्रमाणे निकाल द्यावाच लागतो. पण अट अशी, की तो निकाल कोर्टाला कायद्याने देता आला असता असाच हवा. दोघांच्या संमतीने कोर्टाला नसलेला अधिकार मिळत नाही. "दोघं राजी तर तिसऱ्याचं काय जातं?" हा थोरल्यांचा प्रश्न रास्त होता, पण तो तिसरा स्वतःची सही करणार असतो.

म्हणून एकेक अट कागदोपत्री पुरी करायची. उंचीमर्यादा ओलांडण्यासाठी स्थानिक नियोजन आराखड्यातल्या कलम ४.६ चं लेखी समर्थन: ही मर्यादा इथे पाळणं गैरवाजवी किंवा अनावश्यक का, आणि ती ओलांडायला नियोजनाची कोणती कारणं आहेत. जमीन दूषित आहे का याचा विचार झाल्याचा पुरावा. आमच्या जुन्या घरांच्या भिंती ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याच्या, त्यामुळे तो अहवाल नुसता उपचार नव्हता. नकाशे बदलले म्हणून ऊर्जा आणि पाणीबचतीचं बेसिक्स प्रमाणपत्र नवं. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा नकाशा नवा, झाडांचा नवा. डिझाइनची जबाबदारी घेणारं माझं सहीचं निवेदन नवं. शिवाय बदललेला अर्ज कौन्सिलने नियोजनाच्या २०२१ च्या नियमांतल्या कलम ३८ खाली रीतसर मान्य करायचा. मग दोन्ही वकिलांनी मिळून एक टिपण केलं, त्यात प्रत्येक अट कुठल्या कागदाने पुरी होते ते ओळीने. कमिशनरनी त्यातल्याच दोन ओळींवर खुलासा मागवला. लिफ्टच्या माथ्याची उंची मूळ जमिनीच्या कोणत्या पातळीपासून मोजली, हा त्यातला एक. असा प्रश्न विचारणारा माणूस असेल तर मला आवडतं, भले दोन रात्री जावोत.

निकालपत्र आलं: अपील मंजूर, परवानगी परिशिष्टातल्या अटींवर. अर्ज बदलल्यामुळे कौन्सिलचा जो खर्च वाया गेला तो अर्जदाराने भरायचा, असंही कायद्यात आहे. ती रक्कम ठरवताना वकिलांनी जेवढी घासाघीस केली तेवढी ९ मीटरसाठीही झाली नव्हती.

एका अटीप्रमाणे दक्षिणेकडच्या बाल्कन्यांना धुरकट काचेचे पडदे आहेत. ते काढले तर फ्लॅट जास्त भावाने जातील, असं परवा धाकट्यांच्या डोक्यात आलं. मी सांगितलं, कोर्टाने दिलेल्या परवानगीत बदल करायचा तर नियोजन कायद्याच्या कलम ४.५६ खाली अर्ज करायचा, आणि मूळ हरकत घेतलेल्या प्रत्येकाला कळवावं लागतं.

"म्हणजे त्या आजींना परत पत्र?"

"हो."

"मग राहू द्यात काचा," म्हणाले, आणि पार्किंगच्या फरशीच्या विषयावर आले.