ताडोबा घराजवळ असताना एवढ्या लांब पांतानालला कशाला गेलात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. २०२२ च्या सप्टेंबरात आम्ही जाऊन आलो तेव्हापासून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, बँकेच्या रांगेत विचारला गेलाय, एकदा तर मोहर्ली गेटवर जिप्सीत बसताना ड्रायव्हरने विचारला, की काकू, नागपूरहून अडीच-तीन तासांत वाघ दिसतो, मग जग्वार बघायला ब्राझीलला कशाला? मी दर वेळी "भाची आहे ना तिकडे" म्हणून विषय संपवते. भाची साओ पावलोला नोकरीला आहे हे खरं, पण ते काही खरं उत्तर नाही.

खरं उत्तर असं की मला मोठ्या जनावराची शिकार पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची होती. पंचवीस वर्षं ताडोबाला जातेय, वाघ भरपूर बघितला, रस्ता ओलांडताना, पाणवठ्यात पाठ बुडवून बसलेला, बछड्यांना घेऊन चाललेली वाघीण, सगळं बघितलं आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला. पण वाघ बांबूत शिरला की आपलं बघणं संपतं. आत चितळाचा कॉल होतो, माकडं ओरडतात, मग शांत, आणि आपण फक्त अंदाज करत बसायचं. त्यात चूक काहीच नाही, ते जंगल त्याचं आहे. पांतानालमध्ये मात्र मोठं मांजर उघड्या नदीकाठी फिरतं, पाण्यात उतरतं, पोहत जाऊन शिकार करतं, आणि तुम्ही बोटीत बसून ते बघू शकता, हे वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नव्हतं.

आता पांतानाल म्हणजे काय ते थोडं सांगते कारण बरेच जण ॲमेझॉन समजतात. ॲमेझॉन नाही, त्याच्या दक्षिणेला. बहुतेक भाग ब्राझीलमध्ये, थोडा बोलिव्हिया आणि पराग्वेत, सगळा मिळून दीड लाख चौरस किलोमीटरहून मोठा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्मा समजा. पोर्तुगीजमध्ये पांतानो म्हणजे दलदल. पण दलदल म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं तसं ते नाहीये, ती एक प्रचंड सपाट परात आहे. आजूबाजूच्या पठारावर ऑक्टोबर ते मार्च पाऊस पडतो, ते सगळं पाणी या परातीत उतरतं, आणि उतार किलोमीटरला जेमतेम काही सेंटिमीटर, त्यामुळे ते वाहून जायला महिनेच्या महिने लागतात. उत्तरेकडे पाणी ओसरायला लागतं तेव्हा दक्षिणेकडे पूर चढत असतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक इथे पुराच्या दिवसांत पोचले तेव्हा त्यांना हा समुद्रासारखा तलाव वाटला, पुढे कितीतरी वर्षं नकाशांवर शारायेसचा तलाव म्हणून तो दाखवला जायचा.

प्रवासाचं फार सांगत नाही. मुंबई, अदिस अबाबा, साओ पावलो, तिथून कुइयाबा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड जपून ठेवा, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर क्वारंटाइन करतात. कुइयाबाला उतरलो तर ऊन अगदी आपल्या मे महिन्यासारखं, आमचे हे म्हणाले एवढं फिरून नागपूरलाच आलो की काय.

कुइयाबाहून पोकोने गाव, आणि पोकोनेपासून ट्रान्सपांतानेइरा नावाचा मातीचा रस्ता सुरू होतो. साधारण १४७ किलोमीटर, त्यावर शंभराहून जास्त पूल, आम्ही गेलो तेव्हा त्यातले काही लाकडी होते, फळ्या खडखड वाजायच्या. रस्ता जिथे संपतो ते पोर्तो जोफ्रे, पुढे फक्त नदी. कोरड्या दिवसांत पाणी आटून पुलांखाली डबकी उरतात आणि त्या डबक्यात अडकलेल्या माशांवर सगळी दुनिया जमते. एका पुलाखाली मी केमन मोजायला लागले, केमन म्हणजे मगरीच्या कुळातलाच पण लहान, आठ फुटांपर्यंत जाणारा, साठपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. एकमेकांच्या पाठीवर पाय टाकून पडलेले. कडेला तुइयुयू, म्हणजे जाबिरू करकोचा, माणसाच्या छातीएवढा उंच, पांढरा, काळी मान आणि गळ्याशी लाल पट्टा. गोंदियाचे सारस बघितलेत ना, तसाच रुबाब. तो चोचीत मासा धरून केमनच्या तोंडापासून हातभर अंतरावर निवांत उभा होता.

आणि आता ज्यासाठी गेलो ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ-नऊला आम्ही त्रेस इरमाओंस म्हणजे तीन भाऊ नावाच्या नदीत होतो, ॲल्युमिनियमची छोटी बोट, मागे इंजिन. वॉकीटॉकीवर कुणीतरी 'ऑन्सा' म्हणालं, जग्वारला तिकडे ऑन्सा म्हणतात, आणि आमच्या गाईडने बोट वळवली. मादी होती. काठाच्या गवतातून चालली होती, मध्येच थांबून पाण्याकडे बघायची, परत चालायची. आम्ही इंजिन बंद करून प्रवाहाबरोबर तिच्या मागे, दुसऱ्या काठाला धरून. चाळीस मिनिटं असंच. आपल्याकडे लोक बिबट्या आणि जग्वार एकच समजतात पण नीट बघितलं तर तिच्या अंगावरच्या फुलासारख्या ठशांपैकी बऱ्याच ठशांत आत काळे ठिपके असतात, बिबट्याच्या ठशांत सहसा नसतात, आणि डोकं तर केवढं, अंगाच्या मानाने खूपच रुंद.

मग ती पाण्यात उतरली. आवाज अजिबात नाही, तेल सांडल्यासारखी उतरली. समोरच्या वाळूवर एक केमन ऊन खात पडला होता, त्याचं आमच्याकडे तोंड आणि तिच्याकडे पाठ. फक्त डोळे आणि कान पाण्यावर ठेवून ती आली, सात-आठ फुटांवर थांबली, गाईड पुटपुटत होता "काल्मा, काल्मा", म्हणजे शांत, शांत, आणि मग एकदम चिखल आणि पाणी आणि शेपटी, काहीच कळेना, शेपटीचा फटका पाण्यावर धोपटण्यासारखा वाजत होता. मोठी मांजरं बहुतेक गळा धरतात, जग्वार मात्र कवटीच्या मागून दात घालतो. तो आवाज मी ऐकला. ओली काटकी मोडावी तसा. त्यानंतर शेपटी दोनदा हलली आणि थांबली.

पुढचा तास मला त्याहून जास्त आठवतो. ती दात न सोडता तशीच बसून राहिली, धापा टाकत, मिशांमधून पाणी टपकतंय, एका कानावर गोमाशी बसली तर तो कान तेवढा हलला. मग तिने ते धूड ओढायला सुरुवात केली, काठ पाच-सहा फूट उभा आणि माती भुसभुशीत, पहिल्यांदा घसरून परत पाण्यात, दुसऱ्यांदा परत, तिसऱ्यांदा तिने पुढचा पंजा एका मुळीत अडकवला आणि मान मागे टाकून ओढलं. चिखलात फक्त एक रुंद ओली पट्टी उरली. बोटीत कुणी बोललं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं ते मी पुसलं पण नाही.

हे दिसतं कसं, तर एकतर काठ उघडा, दुसरं म्हणजे खाणं अमाप. तायामा नावाच्या राखीव भागात, जिथे पर्यटकांना जाऊ देत नाहीत, तिथला एक अभ्यास २०२१ ला आलाय, तिथल्या जग्वारच्या जेवणात मुख्य वाटा मासे आणि केमनचा निघाला, आणि एकटं राहणारं जनावर म्हणतात ना, तर कॅमेऱ्यांत मोठे जग्वार एकमेकांबरोबर फिरताना, खेळताना सापडले. पोट भरलेलं असलं की भांडायचं कशाला.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही ती ही, की पांतानालची जवळजवळ ९५ टक्के जमीन खासगी आहे, गुरांची फार्म आहेत. आम्ही वाटेत ज्या फार्मवर राहिलो तिथे गोठ्याच्या आवारात सकाळी निळे मकाव उतरायचे, चोचीपासून शेपटीपर्यंत मीटरभर लांब, उडणाऱ्या पोपटांत सगळ्यात मोठे, आणि शेणात चोच घालायचे. का, तर अकुरी ताडाची फळं गाय खाते, वरचा गर पचतो, टणक बी तशीच बाहेर पडते, मकावला ती सोललेली आयती मिळते. एकेकाळी पिंजऱ्यांसाठी पकडून पकडून हे पक्षी संपत आले होते, नेइवा गेदेस या जीवशास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये त्यांच्यासाठी काम सुरू केलं, आणि ते झालं कारण फार्मवाल्यांनी झाडं राखली. जग्वारचंही तसंच. ब्राझीलने १९६७ ला शिकारीवर बंदी आणली तरी गुरं मारतो म्हणून गोळी घालणं चालूच होतं. २०१७ च्या एका अभ्यासात पोर्तो जोफ्रेच्या बाजूला हिशोब केलाय, जग्वार बघायला येणाऱ्यांकडून वर्षाला सुमारे ६८ लाख डॉलर येतात आणि जग्वारने मारलेल्या गुरांचं नुकसान सव्वा लाख डॉलरच्या आसपास. आमचा बोटवाला म्हणाला माझे आजोबा ऑन्साच्या मागे कुत्री सोडायचे. तो स्वतः ऑन्साला तिच्या नावाने ओळखतो.

मग २०२२ लाच का गेलो, घाई का केली, तर २०२० मुळे. लॉकडाऊनमध्ये घरात बसून मी त्या आगीचे फोटो बघत होते. पूर आलाच नाही त्या वर्षी नीट, सगळं गवत वाळलेलं, पांतानालचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त जळाला, पोर्तो जोफ्रेजवळचं एन्कोंत्रो दास आगुआस उद्यान तर ८० टक्क्यांहून जास्त. पाठीचा कणा असलेले १ कोटी ७० लाख प्राणी गेले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ओउझादू नावाच्या एका नर जग्वारचे चारही पंजे भाजले होते, त्याला उचलून नेऊन उपचार केले आणि महिना-दीड महिन्याने परत त्याच उद्यानात सोडलं. पट्ट्या बांधलेल्या त्या पंजांचा फोटो बघून मी भाचीला फोन केला होता, तिकडे पहाट होती, बिचारी घाबरून उठली.

आणि एक, जलपर्णी. नागपूरच्या अंबाझरी तलावात मी ती वर्षानुवर्षं बघतेय, मशीन लावून काढतात आणि परत पसरते, मला तिचा रागच होता. तिकडे बोटीतून तिचं जांभळं फूल दिसलं आणि गाईड म्हणाला आगुआपे, ही इथलीच. पाण्यात उभी राहून कॅपिबारा, म्हणजे आपल्या डुकराएवढा उंदराच्या कुळातला प्राणी, ती करकर खात होती, देठातला फुगा आधी, मग पान. किडेही तिला खातात, आणि पूर चढला की तिची बेटंच्या बेटं सुटून खाली वाहत जातात, त्यावर बसून पक्षी जातात. तिचा राग गेला माझा. तिला तिकडे खाणारं आहे, वाहून नेणारं पाणी आहे.

परत जाणार का असंही विचारता. हो, पण फेब्रुवारीत, पुरात. तेव्हा जग्वार दिसत नाही म्हणतात, गवतात पांगतो, रस्त्याचे तुकडे पाण्याखाली जातात, फार्मवरून घोड्यावर फिरावं लागतं आणि घोडा पोटापर्यंत पाण्यात चालतो. भाचीला सांगून ठेवलंय, ती म्हणते मावशी, मग बघणार काय? पाणी बघेन म्हटलं.