डायल्युशन केलं आणि चमक वाढली

दुपारी लॅबमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमचा फोन आला. “सकाळच्या बीटा एचसीजीचा आकडा पटत नाही हो. गर्भाशय दिवसांच्या मानानं बरंच मोठं आहे, सोनोग्राफीत सगळीकडे भुरभुर बर्फ पडल्यासारखं दिसतंय. आणि तुमचा रिपोर्ट ३८,०००?”

बीटा एचसीजी म्हणजे गरोदरपणात वाढणारं हार्मोन. मी कंट्रोल पाहिले, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने. दोन्ही व्यवस्थित. कार्ट्रिजची मुदत, लॉटचं कॅलिब्रेशन, स्ट्रिपवरची कंट्रोल रेघ, कुठेच खोट नव्हती. सॅम्पलची अदलाबदलही नव्हती. ट्यूबवरचं लेबल मी स्वतः दोनदा वाचलं. तरी मॅडमचं ते “पटत नाही” डोक्यातून जाईना. पेशंट तपासलेल्या डॉक्टरला आकडा पटत नसेल, तर मी आधी आकड्यावर संशय घेते.

सीरमचा एक भाग आणि डायल्युएंटचे, म्हणजे पातळ करायच्या द्रवाचे, नऊ भाग घेतले, फेस होऊ न देता पिपेटनं हलक्या हातानं मिसळले आणि पंधरा मिनिटांनी स्ट्रिप रीडरमध्ये सरकवली. दहापट पातळ केल्यावर रीडिंग ३,८०० च्या आसपास यायला हवं होतं. स्क्रीनवर आलं ८६,०००. पातळ केलेलं सॅम्पल मूळ सॅम्पलपेक्षा जास्त चमकत होतं! मी खुर्ची ओढून बसलेच.

हा हुक इफेक्ट. या टेस्टमध्ये हार्मोनचा रेणू दोन अँटिबॉडींच्या मध्ये सापडावा लागतो. एक स्ट्रिपच्या रेघेवर घट्ट बसवलेली असते, दुसरीला चमकणारा फ्लुरोसंट रंग जोडलेला असतो. अशी जोडी जमली तरच रेघ उजळते. पण हार्मोन बेसुमार असलं की रेघेवरच्या अँटिबॉडीला एक रेणू चिकटतो आणि रंगवाल्या अँटिबॉडीला दुसराच. दोघींचे हात भरलेले, मग जोडी जमणार कशी? रंग रेघेवर न थांबता पुढे वाहून जातो आणि मशीन प्रामाणिकपणे कमी उजेड मोजतं. कंट्रोलमध्ये हार्मोन बेताचंच असतं, त्यामुळे ते बिनचूक येतात. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याचीच.

शंभरपट डायल्युशनला ११,९०० आलं, हजारपटला १,२१०. गुणाकार केला तर दोन्हीकडून बारा लाखांच्या आसपास. हे दोन आकडे जुळले तेव्हा कुठे मी फोन उचलला. “मॅडम, ३८,००० धरू नका. बारा लाख आहे.” पलीकडे क्षणभर शांतता. मग, “म्हणजे मोलर प्रेग्नन्सीच दिसतेय. बरं झालं, पिशवी रिकामी करण्याआधी कळलं. पुढे दर आठवड्याला उतार बघायचा तो याच आकड्यावरून.” मोलर प्रेग्नन्सीत नीट गर्भ न वाढता वारेच्या पेशीच बेसुमार वाढतात आणि हे हार्मोन ओततात. सुधारित रिपोर्ट लगेच पाठवला, आधीचा रद्द केल्याची नोंद त्यावरच केली.

त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. पण दर आठवड्याला त्यांची ट्यूब आली की मी तीच टेस्ट दोनदा लावायची, एकदा तसंच सीरम घेऊन आणि एकदा पातळ करून. प्रोसिजरनंतरच्या दुसऱ्याच ट्यूबला दोन्हीकडून आकडा सारखा आला, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी खाली.