जानेवारीतली रॅम मे महिन्यात फेल

परवा रात्री अकरा वाजताही घरात ३६ डिग्री, कूलरची टाकी कधी कोरडी पडली कुणाला पत्ता नाही, आणि मी भाच्याच्या मुंजीच्या फोटोंची झिप फाइल उघडतोय तर सीआरसी एरर, म्हणजे फाइलचा डेटा तपासणीत जुळत नाही. पुन्हा उघडली, पुन्हा एरर, पण या वेळी भलत्याच फोटोवर. तिथंच डोक्यात आलं, फाइल नाही बे, रॅम सटकली.

थोडं मागून सांगतो. पीसी साधाच आहे, रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या रॅमच्या दोन ३२०० सीएल१६ स्टिक (३२०० हा वेग, सीएल म्हणजे डेटा द्यायला लागणारे क्लॉक, कमी तेवढं बरं). नागपुरात सीताबर्डीत असेंबल करून घेतला आणि चांगले आठ महिने ती ३२०० ची रॅम २४०० वर चालत होती, कारण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर नेणारं बटण) कोणी ऑन केलंच नव्हतं, मी पण टास्क मॅनेजर उघडून पाहिलं नाही. वरून दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी खोचलेल्या, म्हणजे सिंगल चॅनल, दोन रस्त्यांऐवजी एकच! प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये टाकल्या, एक्सएमपी ऑन केलं, ३२०० झालं. शहाण्या माणसानं इथंच थांबायचं असतं.

मी थांबलो नाही. या रायझनमध्ये आतला फॅब्रिक क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचे भाग जोडणाऱ्या रस्त्याचा वेग, रॅमच्या सोबत १८०० पर्यंत बहुतेक आरामात जातो, आणि रॅमचा आकडा त्याच्या दुप्पट, म्हणजे ३६००, सगळे तिथंच जायला बघतात. सीएल१६ वर बूट होईना, तीनदा काळी स्क्रीन, तीनदा प्लग काढून स्क्रूड्रायव्हरनं क्लिअर सीमॉसच्या (बायोसचं सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना शॉर्ट केल्या. सीएल१८ आणि १.४ व्होल्टवर चालू झाला. आता हिशोब केला तर ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८, दोन्हीत उशीर बरोबर १० नॅनोसेकंदच, बँडविड्थ तेवढी वाढली. मग हाव सुटली आणि टीआरएफसी, म्हणजे रॅमच्या रिफ्रेशला दिलेला वेळ, ६३० वरून ४८० केला. जानेवारी, रात्री बारा-तेरा डिग्री, रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टचे चारही पास क्लीन. मी खुश.

रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, त्यातला चार्ज गळत राहतो म्हणून ६४ मिलिसेकंदात सगळ्या ओळी एकदा पुन्हा भराव्या लागतात, आणि त्या रिफ्रेशला किती वेळ द्यायचा ते टीआरएफसी ठरवतो. गरम झालं की गळती वाढते. म्हणजे गळती जास्त आणि मी भरायचा वेळ केला कमी, आपल्या कूलरच्या टाकीसारखंच की हो! भोक मोठं झालं आणि नळ लवकर बंद केला.

आणि मेमटेस्टनं मला फसवलं नाही, मीच नीट तपासलं नाही. मेमटेस्ट चालते तेव्हा ग्राफिक्स कार्ड थंड बसलेलं असतं. गेम लावला की तेच कार्ड खालून गरम हवा सोडतं आणि ती थेट रॅमवर जाते. परवा झिप उघडण्याआधी मी दोन तास खेळत होतो. काल दुपारी कार्डवर लोड देऊन सोबत टेस्टमेम५ हे दुसरं रॅम-टेस्ट लावलं, अकराव्या मिनिटाला पहिली एरर.

एका मित्राला सांगितलं तर म्हणतो, "काऊन करतो बे असं, एफपीएस किती वाढले ते सांग." गेममध्ये सेकंदाला चार-पाच फ्रेम वाढले असतील, ते पण त्याला पटले नाहीत.

आता ३४६६, फॅब्रिक १७३३, सीएल१६, टीआरएफसी ऑटो, १.३७ व्होल्ट. भर दुपारी गेमसोबत तीन तास टेस्ट झाली, एरर नाही. फोटोंची झिप पण उघडली, सगळे फोटो शाबूत. फक्त त्या रात्री मी ज्या दोन-तीन फाइल सेव्ह केल्या त्यांच्यावर माझा भरवसा नाही, त्या बॅकअपमधून परत घेतल्या. कॅबिनेटचं साइड पॅनल तेवढं काढून ठेवलंय, नवतपा, ते कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेस्तोवर तरी. आई रोज म्हणते, डब्बा उघडा नको ठेवू, पाल जाईल आत.