पालिओ: आधी ब्रेक

रेस ट्रॅकवर पळवायला २००२ सालची फियाट पालिओ १.६ जीटीएक्स अखेर दारात आली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०० बीएचपी ताकदीची! इंजिन ठणठणीत आहे, म्हणून पैसे आधी ब्रेकवर घातले. पुढचं चाक काढलं तर कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन गंजून जाम. पॉलिश पेपरने घासली, सिलिकॉन ग्रीस लावलं, तेव्हा कुठे ती बोटाने सरकली. ब्रेक ऑइल तर कोऱ्या चहासारखं काळपट निघालं. जुन्या ऑइलमध्ये पाणी मुरतं. ट्रॅकवर ते उकळलं की पेडल थेट तळाला जातं. नवीन डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरून चारही ब्रेकमधली हवा काढली. आई पेडलवर, मी गाडीखाली. "दाब... धर... आता सोड." चाळीसेक वेळा तरी, न कंटाळता! इंजिनचा टायमिंग बेल्ट आणि टायर बदलायचे बाकी आहेत. मग कोइम्बतूरचा कारी रेस ट्रॅक.