कबड्डीसाठी वजनं उचलताना

आमच्या टीममधल्या एका सीनियर ताईचा गुडघा गेला, त्या क्षणी तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. चढाईत बोनस गुण मारून ती मागे वळली, बूट मॅटला घट्ट चिकटून राहिला आणि अंग तेवढं फिरलं. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, पूर्ण तुटलं. ऑपरेशन झालं आणि किमान नऊ महिने सामना खेळायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी तेव्हा फर्स्ट इयरला होते.

ज्या खेळांत अचानक थांबणं, वळणं, उडी मारून उतरणं असतं, त्यांत मुलींचं एसीएल मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात जातं. हाडांची ठेवण, हार्मोन्स, उतरताना गुडघे आत झुकणं, कुल्ल्यांचे आणि मांडीच्या मागचे स्नायू कमी पडणं, अशी बरीच कारणं त्यात आहेत. हाडं बदलता येत नाहीत. पण ताकद आणि उतरायची पद्धत बदलता येते, आणि तसा व्यायाम सातत्याने केला तर मुलींमधला हा धोका जवळपास निम्म्यावर येतो, असं अभ्यासांतून दिसलेलं आहे. हे माहीत असूनही कितीतरी मुलींच्या टीमना व्यायाम म्हणून मैदानाला फेऱ्या आणि थोड्या बैठका एवढंच दिलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

पुढच्या जूनमध्ये कॉलेजने एक स्ट्रेंथ ट्रेनर नेमली. ती स्वतः खेळलेली, त्यामुळे तीही सगळ्यांची ताईच झाली. पाऊस लागला होता, मैदानात चिखल, म्हणून सगळी तयारी जिममध्येच.

पहिले काही आठवडे तिने वजनाला हात लावू दिला नाही. गुडघ्याएवढ्या उंच बाकावरून दोन्ही पायांवर खाली उतरायचं आणि उतरलो त्याच स्थितीत थांबायचं, एवढंच काम. समोर ती मोबाईल धरून बसायची. स्लो मोशनमध्ये माझा डावा गुडघा सरळ राहायचा आणि उजवा, पाय टेकताक्षणी अंगठ्याच्याही आत झुकायचा. डोळ्यांना एरवी हे दिसतही नाही, इतक्या पटकन होतं. मग मांड्यांभोवती रबरी बँड अडकवून बैठका, तो ताणून धरत आडवं चालणं, एका पायावर उभं राहून कमरेतून वाकणं. ‘आवाज नको’ एवढंच ती मागून म्हणायची. पाय टेकल्याचा धप्प आवाज आला म्हणजे जोर स्नायूंनी झेललाच नाही. मांडीच्या मागच्या बाजूसाठी नॉर्डिक: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारणीने घोटे दाबून धरायचे आणि अंग ताठ ठेवून इंच इंच पुढे झुकत जायचं. दुसऱ्या दिवशी दादरचा पूल उतरताना मांड्या भरून आलेल्या असायच्या.

मग बारबेल, म्हणजे टोकांना वजनं लावायचा लोखंडी बार. स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), हिप थ्रस्ट (पाठ बाकाला टेकवून कमरेने बार वर ढकलणं), डोक्यावर प्रेस. माझं वजन 54 किलो. रिकाम्या बारपासून सुरुवात केली आणि सीझनच्या तोंडावर 60 किलोच्या पाच-पाच स्क्वॉट व्यवस्थित निघायला लागल्या. वजन वाढायचं ते एका वेळी अडीच किलोनेच, आणि पाठ गोल होताना दिसली की ताई सेट तिथेच थांबवायची. मी डावा कोपरा खेळते. आधी घोटा पकडला तरी दणकट चढाईपटू मला फरफटत मध्यरेषेपर्यंत न्यायची. आता पकड बसली की पाय जमिनीत रोवून राहतात आणि बाकीच्या पोहोचेपर्यंत ती जागची हलत नाही.

घरी आजीला वेगळीच धास्ती होती. मुलीच्या जातीने एवढं ओझं उचललं की गर्भाची पिशवी खाली सरकते, हे तिने आयुष्यभर ऐकलेलं. तिची चेष्टा करावी असं मला कधीच वाटलं नाही. तिच्या काळात बाळंतपणानंतर विश्रांती न घेता हंडे वाहणाऱ्या बायकांचे हाल तिने पाहिले होते. आई तिला आणि मला आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडेच घेऊन गेली. निरोगी तरुण मुलीने बेताबेताने वजन वाढवत, नीट शिकून व्यायाम केला तर हाडं मजबूत होतात, असं त्यांनी आजीला समजावलं. घरी आल्यावर मी तिला मीराबाई चानूचा टोकियोचा व्हिडिओ दाखवला. 49 किलो वजनी गटातली मुलगी 115 किलो डोक्यावर उचलते, हे आजीने तीनदा मागे नेऊन पाहिलं. ‘बारीकच आहे की गं’, म्हणाली. आईची ‘पैलवान दिसशील’ ही काळजीही त्यातच मिटली.

खरी कसोटी जेवणाची होती. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडायची म्हणजे पोटात फक्त चहा-बिस्कीट. ताईने सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या करायला लावल्या. माझं हिमोग्लोबिन 10.2 निघालं, बाईचं 12 च्या खाली असलं की तो ॲनिमिया. आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना तो आहे, म्हणून ‘मुलींना दम लागतोच’ हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही, लिंबू पिळायचं, असं सांगितलं. आई डब्यात दोन उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी आणि शेंगदाण्याचा लाडू भरायला लागली. सकाळी गाडीतच एक केळं. दोन-तीन महिन्यांत शेवटच्या पाच मिनिटांतलं धापा टाकणं थांबलं.

एका मैत्रिणीची पाळी लागोपाठ तीन महिने आली नव्हती आणि ती खूश होती, कटकट गेली म्हणून. ताईने तिला बाजूला घेऊन थेट विचारलं, खातेस किती? व्यायामाच्या मानाने अन्न फार कमी पडलं की शरीर पहिल्यांदा पाळी थांबवतं, मग हाडांचं नुकसान सुरू होतं. डॉक्टरांकडे जाऊन, खाणं वाढवून तिची पाळी परत आली. तेव्हापासून आम्ही सगळ्या जणी तारखा लिहून ठेवतो. सरांसमोर हे बोलायला सुरुवातीला जीभ अडखळायची, आता नाही. प्रत्येक मुलींच्या टीममध्ये हे मोकळेपणाने विचारणारं कुणीतरी हवंच.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाल्यावर जिम बंद केली नाही. सेट कमी केले, वजन तेवढंच ठेवलं, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी फक्त वॉर्मअप.

जिमची वेळ हा मात्र मोठाच लढा होता. संध्याकाळ मुलांची आणि आम्हाला भर दुपार, नेमकी लेक्चरची. आम्ही सह्यांचं पत्र जिमखाना कमिटीला दिलं, दोनदा जाऊन बसलो आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मिळवल्या. आता दुसरा अर्ज दिलाय. जिममध्ये सगळे बार पुरुषांचे, 20 किलोचे आणि 28 मिलिमीटर जाडीचे. वेटलिफ्टिंगमध्ये बायकांसाठी 15 किलोचा, 25 मिलिमीटरचा बार असतो. लहान हातात तो नीट मावतो आणि नव्या मुलींना हलक्यापासून सुरुवात करता येते. कोटेशन जोडून दिलंय. जूनच्या आत बार यावा, म्हणून सोमवारी पुन्हा ऑफिसात जायचंय.