आमची वाटचाल : ड्रायरचे तीन हंगाम

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील भाड्याच्या गाळ्यात एक जुनी लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि हिशेबात माझ्याहून पक्का असलेला भागीदार एवढ्या बळावर आम्ही बेदाण्याच्या काड्या वेगळ्या करणारी नेटिंग मशीन बांधू लागलो. पुढची बरीच वर्षे तासगाव भागातून ऑर्डरी येत राहिल्या आणि घर चालले.

पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेली द्राक्षे शेडमधील रॅकवर सावलीत सुकायला सुमारे 15 दिवस लागतात, आणि तेवढ्यात अवकाळीने गाठले तर चार किलो द्राक्षांमागे मिळणारा किलोभर बेदाणाही काळा पडतो. हेच काम डिझेल बर्नरच्या गरम हवेवर दोन दिवसांत करून दाखवीन, असे मी दसऱ्याच्या यंत्रपूजेला सर्वांसमक्ष बोलून बसलो. पहिल्याच चाचणीत खालच्या ट्रेमधील माल तांबूस झाला आणि वरचा ओलाच राहिला. “मालक, एवढ्या उष्णतेत हिरवा रंग टिकायचा नाही,” असे फोरमन म्हणाला, तेव्हा “तुला मशीन बांधायला ठेवलंय की भविष्य सांगायला?” असे मी त्याला चारचौघांत विचारले. त्यानंतर कोणी बोलले नाही. ब्लोअर, डक्ट, ट्रेची जाळी, सारे बदलून झाले. चाचणीच्या वहीत मात्र ‘ठीक’ हाच शेरा पडत राहिला. भागीदार हिस्सा घेऊन बाहेर पडला. एका स्पर्धकाने आमच्या नेटिंग मशीनची चाळणीच्या मापासकट नक्कल केली आणि आम्ही ड्रायरपायी बुडालो असे तो मार्केट यार्डात सांगत फिरला. त्याचे बोलणे जवळजवळ खरे होते, म्हणून तो राग अद्याप गेलेला नाही.

तिसऱ्या हंगामात सावळजचे आमचे पहिले गिऱ्हाईक, ज्यांना सारे दादा म्हणतात, मूठभर तांबूस बेदाणा हातात घेऊन म्हणाले, “सौद्यात ह्याला हिरव्याचा दर कोण देणार? तुमची माणसं हे मला सांगतात, तुम्हाला का सांगत नाहीत?”

दुसऱ्या दिवशी चूक माझी होती असे सांगून मी स्वतः गॅस कटरने ड्रायरचा दरवाजा कापला. दुपारच्या चहाला फोरमनने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर तारखांसह अकरा दोष लिहिलेले होते. कोणी विचारले नसले तरी नव्या कारखानदारांना सांगतो, की किती डिझेल जळाल्यावर थांबायचे तो आकडा चाचणीपूर्वीच वहीत लिहावा, आणि तो फिटरच्या हस्ताक्षरात असावा.

त्या ड्रायरचा ब्लोअर आता सावळजला दादांच्या नेटिंग मशीनवर काड्या उडवतो. त्याचे पैसे त्यांनी घासाघीस न करता रोख दिले.