ड्रॅगन सोडून स्लिव्हरच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांसारख्या कार्डांचा खेळ खेळणारं कुणीही माझा डेक, म्हणजे माझा कार्डांचा गठ्ठा, बघितला की हेच विचारतं, की अगं या गेममध्ये एवढे ड्रॅगन आहेत, एंजल आहेत, आणि तुला हे स्लिव्हर नावाचे सापाच्या शेपटीचे, एकच नखी असलेले किडे काय आवडतात?

कारण ड्रॅगनच्या कार्डावर ड्रॅगन नुसता चित्रात असतो. शिवन ड्रॅगन घ्या, ५/५ (म्हणजे मारायची ताकद ५, सोसायची ५), उडतो, लाल माना, म्हणजे कार्डं खेळायला लागणारी शक्ती, दिली की ताकद वाढते, झालं. चित्रात त्याच्या जागी मोठं गिधाड काढलं असतं तरी खेळात काडीचा फरक पडला नसता. स्लिव्हरचं तसं नाही. ते १९९७ च्या टेम्पेस्ट या कार्डांच्या सेटमध्ये आले, माइक इलियटने डिझाइन केले, आणि त्यांची गोष्ट एवढीच की सगळं पोळं मिळून एक जीव, एकाला जे येतं ते सगळ्यांना येतं. आणि नियमही हुबेहूब तोच! मसल स्लिव्हर आला की सगळे स्लिव्हर +१/+१, विंग्ड स्लिव्हर आला की सगळे उडतात. कार्डावर गोष्टीची एक ओळ नसती तरी दोन डाव खेळून कुणालाही कळलं असतं की हा प्राणी काय आहे.

आता गंमत ऐका. जुन्या कार्डांवर 'सगळे स्लिव्हर' म्हणजे खरंच सगळे, समोरच्याचेसुद्धा. मी नवीन होते तेव्हा समोरही स्लिव्हरचाच डेक निघाला, त्याच्या मसल स्लिव्हरमुळे माझे पण फुगलेले, मी खूश, म्हटलं आता विंग्ड टाकते आणि डोक्यावरून जाऊन मारते. टाकला, अटॅक केला, आणि त्याने शांतपणे ब्लॉक केलं, म्हणजे अडवलं, कारण त्याचेही उडायला लागले होते ना! मग चिडून त्याचा मसल स्लिव्हर मारला तर माझेच सगळे आक्रसले. इतकं मूर्खासारखं मी कधीच हरले नव्हते, आणि त्याच दिवसापासून मला दुसरं काही खेळवत नाही.

२०१३ मध्ये मॅजिक २०१४ सेटमध्ये हा नियम बदलला, नव्या कार्डांवर फक्त 'तुमचे' स्लिव्हर. वर चित्रंही माणसासारखी केली, हात, पाय, चेहरा. त्यावर लोक जाम भडकले, आणि २०१९ च्या मॉडर्न होरायझन्समध्ये जुनं रूप परत आलं, नियम मात्र एकतर्फीच राहिला. खेळायला सोपं झालं हे मान्य, नवीन माणसाचा गोंधळ होत नाही, पण पोळं आपलं-परकं कधीपासून बघायला लागलं? मला तरी ते पटलेलं नाही.

आणि हो, माझ्या डेकमधल्या चार मेटॅलिक स्लिव्हरबद्दलही विचारता. १ माना, १/१, स्वतःचं काहीही येत नाही. तो मुळात खोटा आहे, व्होलरॅथ नावाच्या खलनायकाने पोळ्यात घुसवलेला यांत्रिक हेर. पण कार्डावर प्रकार 'स्लिव्हर' लिहिलाय ना, म्हणून बाकीच्यांचं सगळं त्याला फुकटात मिळतं. पोळ्याला तो खोटा आहे याचा पत्ताच नाही, त्याला काढायचं माझ्याच्याने तरी होत नाही.